सोप्यातल्या गप्पा : अवग्रह

माशांच्या दुकानात जाण्याचा कधी प्रसंग आला, तर सुज्ञ वाचकांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. दर्शनी काचपेटीत, दिव्याच्या लख्ख उजेडात, आखूड बांध्याचा एक लठ्ठ मासा संथपणे हिंडत असतो. त्याच्या पाठीवर पर नसतो, डोक्यावर तुतीच्या फळासारखे मांसल टेंगूळ आलेले असते आणि शेपटीपाशी त्याची पाठ एकदम खाली वळलेली असते. त्याचे नाव रांचू. शेजारच्या पेटीत डोळ्यांखाली पाण्याने भरलेल्या दोन पिशव्या लोंबकळणारा मासा असतो. आणखी पुढे केशरी रंगाचा, गोल अंगाचा, पॅरट नावाचा मासा दिसतो. तैवानात १९८० च्या दशकात दोन निराळ्या जातींचा संकर करून तो निपजवला गेला. त्याला आपले तोंड पुरते मिटता येत नाही. या सर्वांच्या पेटीवर किमतीचे आकडे मोठे असतात, आणि गिऱ्हाईक ते आनंदाने मोजते.

त्याच दुकानाच्या मागच्या अंगाला बहुधा एक बादली असते. तिच्यात त्या दिवशीचे निवडून बाजूला काढलेले मासे असतात. कुणाचा कणा वाकडा, कुणाचा एक कल्ला उघडा, कुणाला एक डोळाच नाही. यांना किंमत नसते. वाकडेपण मागणीबरहुकूम घडवले की ते वाण ठरते आणि आपसूक आले की व्यंग ठरते, हा बाजाराचा न्याय आहे. त्या न्यायाविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्याचा आज हेतू नाही. मात्र या दुसऱ्या प्रकारचा एक मासा गेली दोन वर्षे आमच्या सोप्यात नांदतो आहे. त्याच्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि करावे लागले, ते वाचकांच्या कानी घालावे असे वाटते.

सोनमासा, म्हणजे ज्याला आपण सर्रास गोल्डफिश म्हणतो तो, मूळचा चीनचा. कुळाने तो आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. रानटी स्थितीत त्याचा रंग मळकट, करडा-हिरवा असतो. त्यात अधूनमधून एखादा तांबूस-पिवळा निपजे. अशा माशांना तळ्यांत राखून वाढवण्याची रीत सुंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळात, चांगलीच रुळली. पुढे मिंग काळात हे मासे तळ्यांतून घरांतील रांजणांत आले. रांजणात मासा वरून पाहावयाचा असतो, तेव्हा रुंद अंग, दुहेरी शेपटी, बटबटीत डोळे अशा गोष्टींना मोल आले. तळ्यात असले प्राणी बगळ्याच्या आणि मोठ्या माशांच्या तोंडी पहिल्याच आठवड्यात गेले असते. रांजणात ते जगले, त्यांची वीण वाढली आणि माणसाच्या हौसेने त्यांचे नवे नवे आकार स्थिर केले. चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यातील बदलांवर १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सोनमाशांचा उल्लेख आहे. यांतील कित्येक प्रकारांना खरे तर विकृतीच म्हणावयास हवे, परंतु प्रकार कुठे संपतो आणि विकृती कुठे सुरू होते, याची नेमकी रेघ ओढणे कठीण, असा त्यांचा अभिप्राय आहे. दीडशे वर्षे उलटली तरी ती रेघ कुणास ओढता आलेली नाही. दुकानदार मात्र ती रोज सकाळी ओढत असतो.

आता आमच्या माशाविषयी. दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात आमची धाकटी कन्या मैत्रिणीबरोबर अशाच एका दुकानात गेली होती. मासे घ्यावयाचे होते मैत्रिणीला. धाकटीची नजर मात्र बादलीकडे गेली. तिच्यात दोन बोटे लांबीचा एक सोनमासा तळाशी एका कुशीवर टेकून होता आणि मधूनच उसळी घेऊन वर येण्याची खटपट करीत होता. दुकानातील पोऱ्या म्हणाला, “पाहिजे तर फुकट न्या ताई, उद्यापर्यंत काही टिकायचा नाही.” धाकटीने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि घरी आणला.

त्याचा कणा दोन ठिकाणी वळलेला आहे. डोक्यामागे पाठ वर उचलली जाते, मग एकदम खाली येते आणि शेपटीपाशी पुन्हा वर वळते. बाजूने पाहिले म्हणजे देवनागरीतील अवग्रहाचे चिन्ह डोळ्यांपुढे येते. तीस वर्षे व्याकरण शिकवण्यात घालवलेल्या माणसाच्या घरी त्याला दुसरे कोणते नाव मिळणार? संस्कृतात अवग्रह काय सांगतो, तर या जागी एक ‘अ’ होता, तो लोपला. मराठीत तेच चिन्ह आपण स्वर लांबवण्यासाठी वापरतो. काहीतरी गेले असल्याची खूण आणि काहीतरी लांबवण्याची खूण, असे दोन्ही अर्थ त्या एका वळणात आहेत. घरात मात्र एवढे मोठे नाव कोण घेतो! तो ‘अवू’ झाला.

पहिल्या आठवड्यात आल्यागेल्याचे सल्ले सुरू झाले. एक स्नेही म्हणाले, “गुरुजी, विहिरीत सोडा, डास तरी खाईल.” दुसऱ्यांचे म्हणणे थोडे गंभीर होते. असल्या जिवाला जगवणे ही दया नव्हे, त्याचे हाल लांबवणे आहे, असे त्यांचे मत पडले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याच सुमारास आमच्या शाळेतील चौथीची काही मुले घरी आली होती. त्यांतील एका मुलीने पेटीसमोर बराच वेळ उभे राहून विचारले, “सर, त्याला दुखतं का हो?”

मुलांच्या प्रश्नाला ‘नाही गं बाळ’ म्हणून वाटेस लावणे सोपे असते. परंतु त्या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ श्रम घेतले आहेत. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. माशाच्या डोक्यावर, ओठांभोवती, इजेची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंची टोके त्यांना आढळली. ओठांत दाहक द्रव टोचल्यावर ते मासे अंग डोलवू लागले, ओठ तळच्या खड्यांवर घासू लागले आणि नेहमीपेक्षा पुष्कळ उशिरा अन्नाला लागले. माशाला जे होते त्याला आपल्या अर्थाने वेदना म्हणावे की नाही, यावर विद्वानांत अजूनही वाद आहे. तथापि इजा झालेला मासा खाणे सोडतो, अंग घासतो, कोपरा धरून बसतो, कल्ले भराभर हलवतो, एवढे कुणीही घरबसल्या पाहू शकतो.

यावरून आम्ही एक कसोटी ठरवली. अवू कसा दिसतो, हे पाहावयाचे नाही. तो दिवसभर काय करतो, ते पाहावयाचे. धाकटीने वही घातली. सकाळी अन्नाकडे आला की नाही, किती वेळ तळाशी टेकून होता, पर मिटलेले होते की पसरलेले, श्वास संथ होता की धाप लागल्यासारखा, अशा चार नोंदी रोज व्हावयाच्या. महिनाभरात नोंदी खालावत गेल्या, तर पशुवैद्यांना विचारून त्याची सुटका करावयाची. सुधारत गेल्या, तर कुणाच्याही मताची पर्वा करावयाची नाही. पहिले नऊ दिवस वहीत समाधान वाटावे असे काही नव्हते. दहाव्या दिवशी ‘अन्नाकडे स्वतःहून आला’ अशी नोंद आहे. तिच्याखाली धाकटीने दोन रेघा ओढल्या आहेत. त्या चौथीतल्या मुलीला मी ती वहीच दाखवली आणि म्हणालो, “दुखत असतं, तर तो आपल्याला असं सांगेल. आपण रोज विचारायचं.”

कणा वाकण्याची कारणे अनेक असतात. जवळच्या नात्यात वारंवार वीण घेतल्याने पिल्ले उपजत वाकडी होतात. अन्नात क जीवनसत्त्व कमी पडले तरी वाढत्या माशाचा कणा वाकतो. बरणी उघडी राहून जुने झालेले खाद्य म्हणूनच कामाचे नसते, कारण हे जीवनसत्त्व हवेने आणि काळाने नासते. तिसरे कारण जपून राहण्याचे आहे. माशांना क्षयासारखा एक जंतुरोग होतो. त्यात मासा खंगतो, अंगावर व्रण उठतात आणि कधी कणाही वाकतो. ते जंतू माणसाच्या हाताला जखम असल्यास तिच्यातून शिरून त्वचेवर गाठी उठवू शकतात. म्हणून दुकानातून किंवा कुणाकडून वाकडा मासा आणला, तर निदान महिनाभर तो इतर माशांत मिसळू नये, हाताला चीर असताना पेटीत हात घालू नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. अवूच्या बाबतीत महिना उलटला, खंगणे नाही, व्रण नाहीत. तेव्हा त्याचे वाकडेपण उपजतच असावे, असे धरून आम्ही चाललो.

आता प्रश्न आला भांड्याचा. या ठिकाणी शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आठवते. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक चिमुकला मासा येतो आणि म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. लहानपणी मोठे मासे आम्हांला गिळतात. तेव्हा आधी मला घड्यात ठेव, घडा अपुरा पडला की खड्डा खणून त्यात ठेव, आणि तोही अपुरा पडला की समुद्रात ने. पुढची प्रलयाची आणि नावेची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला नेहमी कौतुक वाटते ते पहिल्या भागाचे. वाढवणे म्हणजे काय, याची इतकी व्यावहारिक व्याख्या क्वचितच आढळते. जीव वाढेल तसे भांडे बदलावे लागते, आणि ते बदलण्याचे कष्ट वाढवणाऱ्याने घ्यावयाचे असतात.

गोल काचेच्या वाडग्यात सोनमासा ठेवण्याची आपल्याकडे फार रूढी आहे. तो वाडगा म्हणजे मनूचा घडाच. काही दिवसांपुरता ठीक, पुढे तो जिवावर बेततो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो आणि थोड्या पाण्यात तो लवकरच विषासारखा साचतो. मोठ्या पेटीत, गाळणीच्या स्पंजावर, काही उपयुक्त जंतू वसतीला येतात. त्यांतील एक प्रकार अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा त्याचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट करतो. ही वसाहत जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडे थोडे पाणी वारंवार बदलावे लागते. स्पंज नळाखाली खळखळून धुतला, तर नळातील क्लोरिनने ही सारी वसाहत नष्ट होते. म्हणून तो पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळावा. आमच्या नळाला राकसकोपचे पाणी येते, त्यातही क्लोरिन असतेच. दोन बादल्या आदल्या दिवशी भरून उघड्या ठेवल्या की तो उडून जातो. दर रविवारी पेटीतील पाव हिस्सा पाणी काढून हे शिळे पाणी घालावयाचे, असा आमचा परिपाठ आहे. देवपूजेला ताजे पाणी आणि अवूला शिळे, अशी घरात थट्टा चालते.

इथवरचे सारे कोणत्याही सोनमाशाला लागू आहे. अवूसाठी निराळे करावे लागले ते पुढेच. त्याच्या कुळातील माशांच्या पोटात हवेची दोन कप्प्यांची पिशवी असते. तिच्यामुळे मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगू शकतो. कणा वाकला की ही पिशवी दाबली जाते, तोल जातो आणि प्रत्येक वेळी वर येण्यासाठी माशाला शेपटी जोरजोराने हाणावी लागते. सरळ मासा जे सहज करतो, ते याला जिना चढण्यासारखे असते. तेव्हा जिनाच लहान केला. तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच अशी पेटी घेतली आणि तिच्यात पाणी भरले नऊ इंचच. साठेक लिटर पाणी झाले, हिंडण्यास जागा लांबीत मिळाली आणि चढण कमी झाली. उथळ, पसरट पाण्याला हवाही अधिक लागते, हा आणखी एक फायदा. गाळणी घेतली ती मंद प्रवाहाची. तळाशी टोकदार खडे घातले नाहीत. गुळगुळीत वाळूचा पातळ थर दिला, म्हणजे टेकला तरी अंग खरचटू नये.

खाण्याचेही तसेच. सोनमाशाला जठर नसते. घाईने भरपूर खाणे त्याला झेपत नाही. तरंगते खाद्य खाताना तो हवा गिळतो आणि तोल आणखी बिघडतो. म्हणून बुडणारे दाणे पाण्यात भिजवून, लांब चिमट्याने, पेटीच्या उजव्या कोपऱ्यात, रोज त्याच जागी दिवसातून दोनदा द्यावयाचे. आठवड्यातून एकदा उकडून साल काढलेला मटाराचा दाणा चुरून द्यावयाचा. या पेटीत दुसरा चपळ मासा ठेवलेला नाही, कारण दाणा तळाशी पोहोचण्याआधीच तो मटकावील. सोनमाशाची स्मृती तीन क्षणांची असते, असा एक प्रवाद आहे. तो अगदी निराधार आहे. शिकवलेली गोष्ट हे मासे महिनोन्महिने लक्षात ठेवतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. पंधरवड्यातच अवू वेळेवर उजव्या कोपऱ्यात येऊन उभा राहू लागला. वाकडाच, पण वेळेचा पक्का.

पेटी ठेवावी कुठे, यावर घरात चर्चा झाली. रिवाजाप्रमाणे ती उंच टेबलावर, आल्यागेल्याला दिसेल अशी ठेवावयाची. आमच्या मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत हाडे ठिसूळ होऊन त्यांच्या पाठीचे मणके दबले आहेत. चालताना त्यांची दृष्टी जमिनीवर असते, मान वर करणे जमत नाही. एके काळी सोप्यात बसून साऱ्या गल्लीची विचारपूस करणारी ही बाई हळूहळू आतल्या खोलीत राहू लागली होती. पाहुण्यांशी बोलावयाचे तर त्यांच्या तोंडाकडे पाहता येत नाही, आणि न पाहता बोलणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. आम्ही औषधे दिली, वैद्य केले, डॉक्टर केले. परंतु सोप्यातील खुर्च्या होत्या तितक्याच उंच राहिल्या. हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नव्हते. पेटी टेबलावर चढवीत असताना त्या आतून म्हणाल्या, “अरे, एवढ्या वर ठेवलंस तर मला कसं रे दिसायचं?”

पेटी हातभर उंचीच्या बाकावर ठेवली. तिच्यासमोर एक बुटकी चौकट-खुर्ची आली. तिच्यावर बसले की मातोश्रींची दृष्टी नेमकी पाण्याच्या मध्यावर पडते. अवूला दोन वेळा खाऊ घालण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे गेले. मग त्यांच्याशी बोलावयाचे म्हणून आलेली माणसेही सतरंजीवर खाली बसू लागली. आता सायंकाळी आमच्या सोप्यात सगळे खालीच बसलेले असतात आणि मातोश्री पुन्हा साऱ्या गल्लीची विचारपूस करतात. एकदा कुणीतरी विचारले, “आजी, या माशाचं वाकडेपण जाणार नाही का हो?” त्या म्हणाल्या, “जायला कशाला पाहिजे? त्याचं चाललंय की रे.”

आमच्या सौभाग्यवतींना हे प्रकरण पहिल्यापासून पसंत नव्हते. “अहो, माणसांचं करता करता दिवस पुरत नाही, त्यात हे आणखी एक,” हे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटेही नव्हते. गेल्या आषाढात एका रात्री बेळगावचा पाऊस जो लागला तो थांबेना. अकराच्या सुमारास वीज गेली. हवेचा पंप बंद पडला की स्थिर पाण्यातील प्राणवायू कमी होऊ लागतो आणि स्पंजावरील जंतूंचीही उपासमार होते. तासाभरात अवू पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा ओढू लागला. पृष्ठभागाशी राहणे म्हणजे त्याला सतत शेपटी हाणणे, आणि ते त्याला किती वेळ झेपेल, हे कुणालाच सांगता येईना. उपाय साधा असतो. तांब्याने पेटीतील पाणी काढावे आणि वीतभर उंचावरून पुन्हा पेटीतच ओतावे, म्हणजे हवा मिसळते. धाकटीने आणि मी एक वाजेपर्यंत ओतले. मग डोळे मिटू लागले. पाहतो तो सौभाग्यवती पदर खोचून कंदील घेऊन आल्या, माझ्या हातातील तांब्या घेतला आणि म्हणाल्या, “तुम्ही झोपा आता, सकाळी शाळा आहे.” पाचाला वीज आली. तोवर दर दहा मिनिटांनी पाणी ओतल्याचा आवाज आतल्या खोलीत ऐकू येत होता. सकाळी त्यांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. वहीत त्या दिवशीची नोंद मात्र त्यांच्या अक्षरात आहे : ‘सातला खाल्ले.’

आज अवू चार बोटांहून अधिक लांब झाला आहे. त्याचा कणा होता तसाच आहे. तो किती जगेल, हे मी सांगू शकत नाही. नीट ठेवलेला सोनमासा दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडात १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला एक सोनमासा तब्बल ४३ वर्षे जगून १९९९ साली वारला, अशी नोंद आहे. अवूची तेवढी अपेक्षा धरणे वेडेपणाचे होईल. वाकलेल्या कण्याने आतील अवयव दाबले जातात, आणि त्याची किंमत कधीतरी मोजावी लागते. वही मात्र रोज चालू आहे.

आपल्या कथांचा या बाबतीतील कल जाणत्या वाचकांच्या ध्यानी आला असेल. भागवतात मथुरेची कुब्जा श्रीकृष्णाला चंदनाची उटी देते आणि तो तिला सरळ करतो. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा. जनकाच्या सभेत तो बंदीला वादात जिंकतो, बुडवलेल्या पित्याला परत आणतो, आणि अखेरीस समंगा नदीत स्नान करून त्याचेही अंग सरळ होते. या कथा मला प्रिय आहेत. परंतु शाळेत त्या शिकवताना हल्ली एका जागी थांबावेसे वाटते. अष्टावक्राने सभा जिंकली तेव्हा तो वाकडाच होता. समंगेचे स्नान नंतरचे. ते झाले नसते, तरी त्याच्या विद्येत तिळमात्र उणे आले नसते. आणि समंगा सर्वांच्या वाट्याला येत नाही. ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांच्यासाठी आपल्या हाती जे उरते ते पाण्याची पातळी ठरवणे, बाक बुटका करणे, दाणा रोज त्याच कोपऱ्यात ठेवणे, एवढेच असते. ते लहान वाटते खरे. करून पाहिल्यावर ते पुरेसे असते, असा अनुभव आहे.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. असा मासा वाचवावासा वाटला, तर घरी आणण्याआधी पेटीची सोय करावी. करुणा आधी आणि पेटी नंतर, असा क्रम झाला की जीव वाडग्यात मरतो. विकत घ्यावयाचाच असेल, तर रंग टोचून भरलेला किंवा हृदयाचा आकार यावा म्हणून शेपटी छाटलेला पॅरट मासा घेऊ नये. आपण घेतो म्हणून तो घडवला जातो. आणि कंटाळा आला, तरी पेटीतील कोणताही मासा विहिरीत, तळ्यात वा नदीत सोडू नये. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा असाच पेट्यांतून सुटून भारतातील कितीतरी तळ्यांत पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. एका जिवावर दया करताना साऱ्या तळ्याला शिक्षा होऊ नये.

असो. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा एखादा अवग्रह नांदत असेल, मग तो पाण्यातला असो वा सोप्यातला, तर त्याच्यासाठी आपण काय हलवले, काय बुटके केले, हे पत्राने अवश्य कळवावे. निवडक पत्रांचा परामर्श पुढील अंकी घेऊ.